गळती चिकटपट्टीने थांबत नाही

स्टोमाची (शस्त्रक्रियेने पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाची) पिशवी गळू लागली तर त्वचेला खोबरेल लावून वरून चिकटपट्टी मारावी, हा मागील अंकातील एका पत्राचा सल्ला नुकसान करणारा आहे. तेलकट त्वचेवर पिशवीची चिकट चकती धरत नाही आणि पट्टीखाली मल साचत राहतो. इलिओस्टोमीत, म्हणजे लहान आतड्याच्या स्टोमात, तर तिथले पाचकरस त्वचा अक्षरशः सोलून काढतात.

दोष बहुधा चकतीच्या छिद्राच्या मापात असतो. शस्त्रक्रियेनंतर ६ ते ८ आठवडे सूज उतरत जाते, स्टोमा आक्रसतो. जुनेच माप चालू राहिले की भोवतीची त्वचा उघडी पडते. या काळात दर आठवड्याला माप घ्यावे आणि छिद्र स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटरच मोठे कापावे. त्वचा साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी, चकती तळहाताच्या उबेने मिनिटभर दाबून धरावी. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. नगरच्या एप्रिल-मेमध्ये घामाने चकती लवकर सुटते. ती सुटण्याआधीच बदललेली बरी.

१९५२ मध्ये क्लीव्हलँडच्या डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी स्टोमाभोवतीच्या त्वचेच्या रक्षणासाठी कराया डिंक वापरला. तो आपल्या पानझडी जंगलांतल्या कांडोळाचा!

त्वचा लाल, ओली किंवा दुखरी झाली, तर घरगुती लेप लावत बसू नये. लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या शल्यचिकित्सकाला लगेच दाखवावे.

– एक वाचक, श्रीरामपूर