थरार नको, आकडा द्या!

वीकेंडला लोळत अमेरिकेतली वादळं बघणं हा आपल्या पिढीचा आवडता टाइमपास. डिस्कव्हरीवरची 'स्टॉर्म चेसर्स' २००७ साली सुरू झाली, २०११ ला संपली, तरी तिच्या क्लिप्स यूट्यूबवर अजून फिरतायत. चिलखती गाडी, काळंकुट्ट आभाळ, आरडाओरडा... मलाही आवडतं. माझा राग आपण त्यातून काय उचललं, त्यावर आहे.

त्या मालिकेत टिम समारस होता. कॉलेजची डिग्री नसलेला पक्का इंजिनियर. हा गडी टोर्नेडोच्या वाटेत बुटकी, शंकूसारखी यंत्रं ठेवून पळायचा. २४ जून २००३ ला साउथ डकोटातल्या मँचेस्टरला टोर्नेडो थेट यंत्रावरून गेला आणि हवेचा दाब १०० मिलीबारने घसरल्याची नोंद मिळाली. एवढी धावपळ त्या नोंदीसाठी! ३१ मे २०१३ ला एल रीनोच्या टोर्नेडोत तो, त्याचा मुलगा आणि एक सहकारी, तिघंही गेले.

आपल्या चॅनेलवाल्यांनी यातली धावपळ तेवढी घेतली. पाऊस वाढला की गुडघाभर पाण्यात वार्ताहर उभा. "आपण पाहू शकता, सगळीकडे पाणीच पाणी..." अरे बाबा, दिसतंय ते! तासाभरात किती चढलं, अजून किती चढणार, ते सांग ना.

आणि आपल्याकडचं संकट काही सोंड हलवत समोरून येत नाही. उल्हास नदी सह्याद्रीतून निघून कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरला येते. वर घाटात रात्री पाऊस कोसळतो, इथे पाणी नंतर चढतं. खिडकीतून आभाळ बघून काय कळणार? अंबरनाथ-उल्हासनगरमधली वालधुनी तर आपण नाला समजून विसरूनच गेलोय.

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला जेमतेम ७३! एकाच शहरात एवढा फरक, तर 'मुंबईत मुसळधार' ह्या पट्टीवरून बदलापूरकराने काय समजायचं?

२७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी. बोटी, हेलिकॉप्टर, सगळं लाइव्ह. सुटका करणाऱ्यांना सलामच. पण थरार सुरू झाला की मुख्य प्रश्न मागे पडतो: गाडी तिथे पोचली तेव्हा नदी किती होती, आणि ते कुणाला माहीत होतं?

बरं, आकडे नाहीत असंही नाही. बदलापूरला उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर, धोका पातळी १७.५०. आपला सगळा सिनेमा त्या मधल्या एका मीटरमध्ये आहे. घराच्या गच्चीवर पर्जन्यमापक लावून नोंदी ठेवणारी हौशी मंडळीसुद्धा आहेत. माझ्या मते आपले खरे स्टॉर्म चेसर्स तेच. पण त्यांच्यामागे कॅमेरा कोण लावणार? माणूस उभा राहून बाटलीतलं पाणी मोजतोय, याला टीआरपी शून्य.

"थरार दाखवला की लोक सावध होतात" म्हणे. सावध कसले, मोबाईल घेऊन पूर बघायला पुलावर जातात! आपण आयटीवाले सर्व्हर कसा सांभाळतो? ग्राफ आणि अलर्ट बघून. सर्व्हर पडल्यावर त्याच्यासमोर उभं राहून बोंबलणाऱ्याला कुणी पगार देईल का?

चॅनेल सुधारतील तेव्हा सुधारोत. पुढच्या पावसाळ्यात सोसायटीच्या ग्रुपवर पुराची क्लिप आली की एवढंच विचारा: कुठली, किती वाजताची, आणि पातळी किती? उत्तर नसेल तर पुढे ढकलू नका. त्याऐवजी नदीची पातळी वेळेसकट टाका. तळमजल्यावरच्या काकूंना सामान वर हलवायला तेवढा तास मिळेल.