गुन्हेगार डावा की उजवा?

बीपी वाढलं की आपली उत्तरं ठरलेली. डेडलाइन, ट्रॅफिक, बॉस! पण दोस्तांनो, दरवेळी दोष बॉसचा नसतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ॲड्रिनल ग्रंथींपैकी एक किंवा दोन्ही अल्डोस्टेरॉन हे हार्मोन गरज नसताना बनवत सुटतात. मग शरीरात मीठ साठतं, बीपी चढतं, बऱ्याचदा पोटॅशियमही घसरतं. अमेरिकेतल्या डॉ. जेरोम कॉन यांनी 1955 मध्ये हा आजार मांडला.

एकच ग्रंथी बिघडली असेल तर ती दुर्बिणीने काढता येते. दोन्ही असतील तर शक्यतो स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या. म्हणजे बाजू ओळखणं हाच सगळा खेळ.

माझ्या चाळिशीतल्या एका मित्राच्या सीटी स्कॅनमध्ये उजवीकडे गाठ दिसली. ‘काढून टाका, विषय संपला,’ असं त्याचं म्हणणं. डॉक्टरांनी मात्र आधी ॲड्रिनल व्हेन सॅम्पलिंग करायला लावलं. यात जांघेतून बारीक नळी सरकवून दोन्ही ग्रंथींच्या शिरांतलं रक्त घेतात. आकडे सोपे करून सांगते. अल्डोस्टेरॉन उजवीकडे 3000, डावीकडेही 3000. म्हणजे दोन्ही गुन्हेगार? थांबा!

गोची अशी, की नमुन्यात दुसऱ्या शिरांचं रक्त कमीजास्त मिसळतं. म्हणून सोबत कॉर्टिसॉल मोजतात. मित्राचं उजवीकडे 1000, डावीकडे 200 आणि शरीरातल्या इतर रक्तात 20. ग्रंथीला चालना देणारं इंजेक्शन दिलं असेल, तर शिरेतलं कॉर्टिसॉल इतर रक्ताच्या निदान पाचपट हवं. इथे 50 पट आणि 10 पट, म्हणजे नळी दोन्हीकडे योग्य जागी होती. विशेषतः उजवी शीर आखूड, ती हमखास चकवते.

आता अल्डोस्टेरॉनला कॉर्टिसॉलने भागा. उजवीकडे 3, डावीकडे 15. पाचपट फरक! चारपटीच्या वर गेलं की दोष सहसा एकाच बाजूचा. म्हणजे गुन्हेगार डावी, आणि उजवीकडची गाठ निव्वळ बघी. 2009 मध्ये 950 रुग्णांच्या एकत्रित आढाव्यात स्कॅन आणि सॅम्पलिंग यांचं सुमारे 38 टक्के जणांत जुळलं नव्हतं.

मित्राची डावी ग्रंथी गेली. पोटॅशियम जागेवर आलं, तीन गोळ्यांची एक झाली. बीपी प्रत्येकाचं पूर्ण सुटतंच असं नाही, पण निरोगी ग्रंथी तरी वाचली.

तुम्हाला बीपी आहे? मग अल्डोस्टेरॉन आणि रेनिनची साधी रक्ततपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचाराच. आणि कधी सॅम्पलिंगचा रिपोर्ट हातात आला, तर पहिला प्रश्न एकच: नळी दोन्हीकडे नीट पोचली होती ना?