सौजन्य आणि सक्ती

जून २०१८ मध्ये पुण्याच्या बुद्धिबळपटू सौम्या स्वामिनाथन यांनी भारतीय महिला संघातून आपले नाव मागे घेतले. आशियाई सांघिक स्पर्धा इराणमधील हमादान शहरी व्हायची होती आणि तेथे पटावर बसणाऱ्या प्रत्येक स्त्रीला डोक्यावर रुमाल बांधणे बंधनकारक होते. २००९ साली मुलींच्या गटात जागतिक कनिष्ठ विजेतेपद मिळवणाऱ्या खेळाडूला देशाकडून खेळण्याची संधी सोडणे सोपे गेले नसणार. तरीही त्यांनी आपली भूमिका अत्यंत संयमाने मांडली. संयोजकांनी राष्ट्रीय संघाचा पोशाख, औपचारिक वेश किंवा खेळाचा गणवेश घालावा असे सांगितले तर त्यात वावगे काहीच नाही. परंतु धार्मिक वेशाची सक्ती क्रीडाक्षेत्रात असू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

यावर एक प्रतिप्रश्न सहज विचारता येतो. 'देश तसा वेश' ही आपलीच म्हण आहे. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर त्या घरची रीत पाळावी, हा संस्कार आपल्या आई-आजीनेच आपल्यावर केला आहे. मग हातभर रुमालासाठी एवढा आग्रह कशाला? हे पाहुणीचे औद्धत्य नव्हे काय? हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. आज मराठी कुटुंबांतील लेकी-सुना शिक्षणासाठी, नोकरीसाठी, खेळासाठी जगभर जात आहेत आणि परदेशी स्त्रियाही आपल्या गावांत, घरांत, देवळांत येत आहेत. कोणी कोणासाठी काय बदलावे, हा प्रश्न आता आपल्या उंबरठ्याशी येऊन उभा राहिला आहे.

फिलाडेल्फियातील तिघी

या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर एका जुन्या छायाचित्रात आहे. ऑक्टोबर १८८५ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे ते टिपले गेले. स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या तीन परदेशी विद्यार्थिनी त्यात दिसतात: भारताच्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघीही आपापल्या देशाच्या वेशात आहेत.

आनंदीबाईंची ही साडी सहज अंगावर राहिलेली नव्हती. अमेरिकेला जाण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, बंगालमधील श्रीरामपूर येथील जाहीर भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे निक्षून सांगितले होते. तो शब्द त्यांनी पाळला. परंतु म्हणून त्या हटवादी झाल्या नाहीत. तेथील हवामान आणि तेथील रीत ध्यानात घेऊन त्यांनी नऊवारीची सवयीची पद्धत बाजूला ठेवली व गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास प्रारंभ केला. जे राखायचे ते त्यांनी स्वतः ठरवून राखले आणि जे बदलायचे तेही स्वतः ठरवून बदलले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्यासाठी त्यांना साडी टाकून द्यावी लागली नाही.

याचे श्रेय जितके आनंदीबाईंच्या निष्ठेला, तितकेच यजमानांनाही दिले पाहिजे. न्यू जर्सीतील रोझेल येथील कार्पेंटर कुटुंबाने या परधर्मीय, परदेशी मुलीला मायेने आपल्या घरात ठेवून घेतले. पाहुण्याने घरची रीत जाणावी आणि यजमानाने पाहुण्याचा स्वाभिमान जपावा, असा हा दुहेरी व्यवहार आहे. त्यातली एक बाजू गळाली की उरते ती केवळ हुकूमत.

आपल्या देशात गुरुद्वाराच्या पायरीशी येणारा प्रत्येक जण डोके झाकतो. तो शीख आहे की नाही, स्त्री आहे की पुरुष, हे कोणी विचारत नाही आणि त्यात कोणालाही अपमान वाटत नाही. केरळमधील पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना अंगातला सदरा उतरवून दर्शनाला जावे लागते, हेही याच जातीचे. उपासनास्थानाला स्वतःची मर्यादा असते आणि तेथे जाणारा आपल्या इच्छेने जातो. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्च शहरी दोन मशिदींवरील हल्ल्यात ५१ माणसे मारली गेली, तेव्हा तेथील तत्कालीन पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न डोके झाकून शोकग्रस्त कुटुंबांना भेटल्या. त्यांना कोणी तशी आज्ञा केली नव्हती. म्हणूनच त्या वस्त्राला सांत्वनाचे मोल आले.

एप्रिल २०१६ मध्ये तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज तेहरानला गेल्या आणि डोक्यावरून वस्त्र घेऊन राष्ट्राध्यक्षांना भेटल्या, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली. ती अनाठायी होती. राष्ट्राचे हित घेऊन वाटाघाटीला गेलेल्या मंत्र्याच्या खांद्यावर त्या क्षणी संपूर्ण देशाचा भार असतो. वडीलधाऱ्यांसमोर डोक्यावर पदर घेण्याची चाल आपल्याही घरांत होतीच. परंतु मुत्सद्द्याच्या निर्णयाचे माप खेळाडूला लावणे योग्य नव्हे.

रीत कोणाची, हुकूम कोणाचा?

इराणमधील रुमाल ही खरोखर 'त्या घरची रीत' होती काय, हे तपासले पाहिजे. जानेवारी १९३६ मध्ये रझाशाह पहलवी यांनी आधुनिकतेच्या नावाखाली स्त्रियांच्या बुरख्यावर बंदी घातली. रस्त्यांवर पोलीस बायकांच्या डोक्यावरची वस्त्रे ओढून काढू लागले. ज्यांना उघड्या डोक्याने बाहेर पडणे लज्जास्पद वाटे, अशा कित्येक जणींनी घराबाहेर पडणेच सोडले. त्यानंतर १९७९ मध्ये क्रांती झाली आणि चक्र उलटे फिरले. मार्च १९७९ मध्येच तेहरानच्या हजारो स्त्रिया सक्तीच्या हिजाबाविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. तरीही १९८३ च्या कायद्याने उघडे डोके हा शिक्षापात्र गुन्हा ठरला. म्हणजे एका राजवटीने वस्त्र हिसकावले, दुसरीने ते लादले, आणि स्त्रीला काय हवे हे दोघांपैकी एकानेही विचारले नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये मेहसा अमिनी ही बावीस वर्षांची तरुणी हिजाब नीट न घातल्याच्या आरोपावरून पकडली गेली आणि कोठडीत असतानाच मरण पावली. त्यानंतर देशभर जो उद्रेक झाला, त्यात स्त्रियांनी भर चौकात आपले रुमाल जाळले. शिक्षा आणखी कडक करणारा नवा कायदा तेथील संसदेने संमत केला. पण डिसेंबर २०२४ मध्ये राज्यकर्त्यांनाच त्याची अंमलबजावणी स्थगित करावी लागली.

या पार्श्वभूमीवर पाहुणीच्या रुमालाचा अर्थ बदलतो. इराणची बुद्धिबळपटू दोर्सा देरख्शानी २०१७ मध्ये जिब्राल्टरच्या स्पर्धेत रुमालाविना खेळली, तर तिच्यासाठी राष्ट्रीय संघाचे दार बंद झाले. डिसेंबर २०२२ मध्ये सारा खादेम अल्माटी येथील जागतिक स्पर्धेत उघड्या डोक्याने पटावर बसली आणि तिला मायदेश सोडून स्पेनमध्ये आश्रय घ्यावा लागला. त्या घरच्या लेकीच जी रीत नाकारून घर गमावत आहेत, ती रीत पाळून पाहुणी नेमका कोणाचा मान राखते? घरच्या मंडळींचा की दारावरच्या पहारेकऱ्याचा? सौम्या स्वामिनाथन यांच्या नकाराचे मोल या प्रश्नात आहे.

सप्टेंबर २०२२ मधलाच आणखी एक प्रसंग पाहण्यासारखा आहे. इराणचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष इब्राहिम रईसी न्यूयॉर्कला आले असता पत्रकार क्रिस्तियान अमानपूर त्यांची मुलाखत घेणार होत्या. ऐन वेळी त्यांना डोक्यावर रुमाल घेण्याचा निरोप आला. इराणमध्ये वार्तांकन करताना याच अमानपूर तेथील कायद्याप्रमाणे डोके झाकत आल्या होत्या. परंतु न्यूयॉर्कमध्ये तसा कायदा नाही, प्रथाही नाही, असे सांगून त्यांनी नकार दिला. मुलाखत झाली नाही. पाहुणाच यजमानाला वेश ठरवून देऊ लागला, तर त्याला सौजन्य कसे म्हणावे?

दुसऱ्याला खूश करण्याच्या नादात आपणच आपल्या माणसांवर सक्ती करतो, असाही प्रकार घडतो. सौदी अरेबियातील अमेरिकी सैन्यतळावरील स्त्रियांना तळाबाहेर जाताना पायघोळ काळा अबाया घालण्याचा आदेश होता. तो काढला होता खुद्द अमेरिकी सेनाधिकाऱ्यांनी. लढाऊ वैमानिक मार्था मॅकसॅली यांनी २००१ मध्ये आपल्याच संरक्षण खात्याविरुद्ध दावा लावला. २००२ मध्ये आदेश बदलला आणि पुढे अमेरिकी संसदेने कायदा करून अशी सक्ती बंद केली. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये सौदी सरकारने पर्यटकांना दारे उघडली, तेव्हा परदेशी स्त्रियांना अबाया आवश्यक नाही, वेश सभ्य असावा, एवढेच सांगितले. ज्यांच्या भावना जपण्यासाठी हुकूम काढला, त्यांनीच पुढे तो आग्रह सोडला!

मात्र एक न्याय येथे केलाच पाहिजे. २०१७ च्या तेहरानमधील महिला जागतिक स्पर्धेत भारताच्या हरिका द्रोणवल्ली रुमाल बांधून खेळल्या आणि कांस्यपदक घेऊन आल्या. त्यांना दुबळे ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. वर्षानुवर्षांच्या तपश्चर्येनंतर आलेली संधी घ्यावी की सोडावी, हे ज्या खेळाडूचे त्यानेच ठरवायचे असते. दोष असेल तर तो अशा अटींवर जागतिक स्पर्धा भरवणाऱ्या संघटनांचा. वेशाची परीक्षा द्यायला लावून मग खेळाची परीक्षा घेणे, हा क्रीडाधर्म नव्हे.

आपला आरसा

इतरांकडे बोट दाखवताना आपल्या घरचा इतिहास विसरून चालणार नाही. त्रावणकोर संस्थानात नाडर समाजाच्या स्त्रियांना छाती झाकण्याच्या साध्या हक्कासाठी दशकानुदशके झगडावे लागले. १८५९ मध्ये राजाज्ञा निघाली तेव्हा कोठे तो मान्य झाला, आणि तोही उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र न घेण्याच्या अटीवर. महाराष्ट्रात विधवेचे केशवपन करून तिच्या अंगावर आलवण चढवणारेही परकीय नव्हते. परंपरेच्या नावाने झालेली ती सक्तीच होती. ती मोडून काढण्यासाठी आपल्याच समाजातील सुधारकांनी शिव्याशाप सोसले, याचा अभिमान बाळगायचा तर त्यामागचे तत्त्वही सांभाळले पाहिजे.

अलीकडे अनेक देवस्थानांनी वेशाचे नियम केले आहेत. मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासाने जानेवारी २०२५ मध्ये तसा निर्णय घेतला. मंदिराचे पावित्र्य राखण्याचा न्यासाला अधिकार आहेच. पण असा नियम स्त्री-पुरुषांना सारखा असावा, तो आधी कळवलेला असावा आणि अनभिज्ञ भाविकाच्या हाती शेला, उपरणे किंवा ओढणी आदराने ठेवण्याची सोय दारात असावी. त्याला अपमान करून माघारी पाठवणे देवाला आवडेल काय? आणि मंदिराच्या दाराबाहेर, रस्त्यावर, कोणी काय ल्यावे हे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही स्वयंघोषित रक्षकाला नाही. परदेशी पर्यटक स्त्रीच्या आखूड कपड्यांकडे पाहून शेरे मारणारी टोळकी संस्कृतीचे रक्षण करत नाहीत, तिची अब्रू घालवतात.

कारण उद्या ही वेळ आपल्या लेकीवर येते. ज्या न्यू जर्सीत आनंदीबाईंना मायेचे घर मिळाले, त्याच राज्यातील जर्सी सिटी येथे १९८७ मध्ये एका टोळीने भारतीयांवर हल्ले आरंभले. आपल्या बायकांच्या कपाळावरील कुंकवावरूनच त्या टोळीने स्वतःचे नाव घेतले होते. तेथील भारतीय स्त्रियांचे कुंकू सुरक्षित राहावे असे आपल्याला वाटते ना? मग आपल्या रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या स्त्रीलाही तेच अभय द्यावे लागेल.

परदेशी निघालेल्या मुलीला तेथील रीती जरूर समजावून सांगाव्यात. कोठे डोके झाकावे, कोठे पादत्राणे काढावीत, कोठे अंगभर वस्त्र घ्यावे, हे जाणणे हा सुसंस्कृतपणाच आहे. पण त्याबरोबर तिला हेही सांगावे की, मान द्यायचा तो मनापासून द्यावा, आणि कोणी शिक्षेच्या धाकाने तो वसूल करू लागला तर नम्रपणे 'नाही' म्हणावे. त्या नकाराची किंमत तिला एकटीला मोजावी लागू नये, ती घराने आणि समाजाने तिच्याबरोबर वाटून घ्यावी.