न पाहिलेल्या आजोबांचे खाते

दिवाणखान्यात आजोबांची तसबीर असते, तिला हार असतो. परंतु त्या गृहस्थाने आयुष्यात नेमके काय केले, असे नातवाला विचारले तर उत्तर दोन वाक्यांत संपते. नातवाच्या जन्मापूर्वीच आजोबांचे निधन झाले असेल, तर मागे उरलेल्या कागदांखेरीज दुसरा साक्षीदार सहसा उरत नाही. या दृष्टीने ‘बॉम्बे टॉकीज’चे संस्थापक हिमांशु राय यांच्या घराण्याची हकीकत मननीय आहे.

राय यांचा जन्म १८९२ मध्ये एका बंगाली कुटुंबात झाला. कायद्याचे शिक्षण घेण्यास ते लंडनला गेले आणि तेथे रंगभूमीत रमले. पुढे म्युनिकच्या चित्रपट कंपनीला भागीदार करून त्यांनी १९२५ मध्ये गौतम बुद्धांच्या जीवनावर ‘लाइट ऑफ एशिया’ हा मूकपट काढला व त्यात गौतमाची भूमिका स्वतःच केली. १९३४ मध्ये मुंबईजवळच्या मालाड येथे त्यांनी ‘बॉम्बे टॉकीज’ उभारली. सर चिमणलाल सेटलवाड, सर फिरोज सेठना यांच्यासारखी प्रतिष्ठित मंडळी तिच्या संचालक मंडळावर होती. चित्रपटाचा धंदा बेभरवशाचा समजला जात असलेल्या त्या काळात तो भागभांडवलाच्या कंपनीच्या शिस्तीत चालवून दाखवणे, ही त्यांची मोठी कामगिरी होय. १९३६ च्या ‘अछूत कन्या’ने देविका राणी आणि अशोक कुमार ही नावे घरोघरी पोहोचवली. १९३९ मध्ये महायुद्ध पेटले, कंपनीतील जर्मन तंत्रज्ञ स्थानबद्ध झाले आणि मे १९४० मध्ये, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच, राय निवर्तले.

ही झाली जगाला ठाऊक असलेली बाजू. राय यांची पहिली पत्नी जर्मन होती आणि त्या विवाहातून त्यांना एक कन्या झाली. १९२९ मध्ये त्यांनी देविका राणींशी विवाह केला. चित्रपटाच्या इतिहासात देविका राणींचे नाव अढळ राहिले. त्या जर्मन पत्नीचा आणि कन्येचा उल्लेख मात्र क्वचितच आढळे. त्याच कन्येचा पुत्र ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे स्थायिक झाला. आजोबांची व त्याची भेट होणे शक्यच नव्हते. तथापि राय यांची छायाचित्रे, पटकथा, जाहिराती आणि कागदपत्रे यांचा मोठा संग्रह या घराण्याने जपला आणि २०१७ मध्ये मेलबर्नच्या चलच्चित्र संग्रहालयात त्याचे प्रदर्शन भरले. इतिहासाने जिला जवळजवळ वगळले होते, त्याच शाखेने आजोबांचा ठेवा जगापुढे ठेवला.

योगायोग असा की, त्याच वर्षी गोव्यातही असेच एक प्रदर्शन भरले. ‘बॉम्बे टॉकीज’चे जर्मन छायालेखक जोसेफ विर्शिंग यांनी टिपलेली छायाचित्रे त्यांच्या वंशजांनी सांभाळली होती, ती तेथे मांडण्यात आली. एकाच कंपनीचा इतिहास दोन घरांच्या पेट्यांत विभागलेला होता. दोन्ही पेट्या उघडल्या, तेव्हाच तो पुरता दिसू लागला.

हिशेबाची जाण असलेल्या वाचकांना यातील मर्म सांगावयास नको. केवळ जमेची बाजू लिहिलेले खाते कोणी खरे मानत नाही. आजोबांचा गौरव लिहावा, तसेच त्यांनी बुडवलेला धंदा, मोडलेली भागीदारी, दुरावलेला भाऊ आणि घरात ज्यांचे नाव काढले जात नाही अशी माणसेही लिहावीत. हेतू न्यायनिवाड्याचा नसावा, पूर्णतेचा असावा. वडीलधाऱ्यांच्या आठवणी ऐकताना तारखांचा ताळा कागदाशी घ्यावा. आठवण सन विसरते, रोजमेळ विसरत नाही. आणि कागद जे सांगत नाही, ते आठवण सांगते.

दरवर्षी लक्ष्मीपूजनाला नवी चोपडी पूजली जाते आणि जुनी माळ्यावर जाते. तेथून कधीतरी रद्दीवाल्याकडे. उधारी कोणाला दिली, दुष्काळात वसुली कशी थांबवली, कोणत्या विधवेच्या नावे दरमहा रक्कम पडत होती, हे सारे त्या चोपड्यांत असते. त्या मोडी किंवा महाजनी लिपीत असतील, तर ती वाचणारा जाणकार आज मिळतो. उद्या मिळेलच असे नाही. रद्दीच्या भावात त्यांचे फार तर काहीशे रुपये येतील. नातवाला मात्र त्या किमतीत आजोबा परत विकत घेता येणार नाहीत.