गुण नेमके कशाला?

झाशीला गेलेला मराठी माणूस किल्ला आणि राणीमहाल पाहून परततो. मानिक चौकाच्या बाजारात रेंगाळणारे थोडेच. प्रशिक्षणातल्या खेळाबद्दलचे माझे म्हणणे मात्र मी त्याच बाजारातून मांडणार आहे.

कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला खेळाचे रूप द्यायची सध्या टूम आहे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या 'मिशन कर्मयोगी' योजनेला केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये मंजुरी दिली. तिच्या आयगॉट या ऑनलाइन मंचावर अभ्यासक्रम पुरा केला की 'कर्मा पॉइंट' जमा होतात. यावर पहिला आक्षेप ठरलेला: काम म्हणजे काय पोरखेळ आहे? हा आक्षेप पोकळ आहे. मल्लखांब खेळच ना? तरी कुस्तीगिराची पकड त्यावरच घडत आली, आणि त्याला पोरखेळ म्हणायची कोणाची छाती नव्हती.

दुसरा आक्षेप खरा आहे: गुणांचा धाक होतो. अमेरिकेत अनाहाइमच्या डिस्ने हॉटेलाच्या धुलाईखात्यात प्रत्येकाच्या कामाचा वेग पडद्यावर झळकू लागला. कामगारांनी त्या पडद्याचे नाव ठेवले 'इलेक्ट्रॉनिक चाबूक'. २०११ मध्ये ही गोष्ट वृत्तपत्रांत गाजली. पण इथे दोष खेळाचा नव्हे. शेजारणीपेक्षा मागे पडल्याचा धाक घालणे, याला खेळ म्हणायचे तरी कसे?

आता खेळाच्या भक्तांना विचारतो, तुम्ही गुण नेमके कशाला देता? प्रशिक्षणाचे अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच प्रशिक्षणाच्या चार कसोट्या मांडल्या: ते आवडले का, समजले का, वागण्यात उतरले का, त्याचे फळ दिसले का. आपले गुण बहुधा दुसरीपाशीच संपतात. व्हिडिओ पाहिला, प्रश्नांवर टिचक्या मारल्या, प्रमाणपत्र छापले!

समजा, मानिक चौकातल्या एका कापडदुकानात नव्या विक्रेत्याला शिकवले, की तागा उलगडण्याआधी गिऱ्हाइकाला प्रसंग विचार, मग बजेट. शिकवणीच्या दिवशी त्याला एकही गुण देऊ नका. पुढच्या आठवड्यात, गल्ल्यावर गर्दी असताना, तो हे दोन प्रश्न विचारतो का, ते जुन्या विक्रेत्याने पाहावे आणि तिथल्या तिथे भिंतीवरच्या तक्त्यात खूण करावी. चुकला तर त्याच संध्याकाळी, दुकान आवरताना, दोघांनी तो प्रसंग पुन्हा वठवावा. गुण साऱ्या दुकानाचे मिळून धरावेत, म्हणजे जुन्यालाही नव्याला शिकवण्यात रस राहील. सवय अंगवळणी पडली की तो तक्ता भिंतीवरून उतरवावा आणि पुढचे कौशल्य घ्यावे. पगारवाढीच्या हिशेबात मात्र त्या खुणा कधीच धरू नयेत; नाहीतर जुना विक्रेता भिडेखातर सगळ्यांनाच खुणा करत सुटेल.