विश्लेषण : व्हेस्टा पृथ्वीवर आदळेल का?

‘लघुग्रह पृथ्वीच्या दिशेने’ असा संदेश मोबाइलवर फिरू लागला, की दर्यापूरपासून मेहकरपर्यंत पहिली आठवण निघते ती लोणारची. ते साहजिकही आहे. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अवकाशातून आलेल्या पाषाणानेच वऱ्हाडच्या बेसाल्टमध्ये पाडले. मात्र प्रत्येक लघुग्रह धोक्याचा नसतो. व्हेस्टा हे त्याचे चांगले उदाहरण.

कक्षा काय सांगते?

मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला हा लघुग्रह जर्मन खगोलनिरीक्षक हाइनरिश ओल्बर्स यांना २९ मार्च १८०७ रोजी दिसला. सूर्याभोवती एक फेरी तो सुमारे ३.६ वर्षांत पूर्ण करतो. सूर्यापासूनचे त्याचे अंतर ३२ ते ३८ कोटी किलोमीटर राहते. पृथ्वीचे सुमारे १५ कोटी. अगदी जवळ आला, तरी मध्ये १७ कोटी किलोमीटर उरतातच.

तो आहे कसा?

सरासरी व्यास सुमारे ५२५ किलोमीटर, म्हणजे दर्यापूर ते मुंबई सरळ रेषेत मोजल्यास जवळपास तेवढाच. स्वतःभोवती तो ५ तास २० मिनिटांत फिरतो. ‘नासा’च्या डॉन यानाने २०११-१२ मध्ये त्याच्याभोवती घिरट्या घातल्या, तेव्हा दक्षिण ध्रुवाजवळचे सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचे विवर जवळून दिसले. त्याचे कवच बेसाल्टचे आहे. वऱ्हाडची काळी माती ज्या खडकापासून झाली, त्याच जातीचे! राजस्थानात पिपलिया कलान येथे १९९६ मध्ये पडलेली अशनी याच व्हेस्टाच्या कुळातली मानली जाते.

मग धोका कुणाचा?

पट्ट्यात काही जागा अशा आहेत, की तिथला पाषाण गुरूच्या एका फेरीत स्वतःच्या बरोबर तीन फेऱ्या मारतो. गुरूची ओढ दर वेळी त्याच लयीत बसते आणि कक्षा लांबट होत जाते. असे लहान पाषाण पृथ्वीच्या वाटेवर येऊ शकतात. लक्ष ठेवायचे ते त्यांच्यावर.

म्हणून संदेश पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : लघुग्रहाचे नाव काय, कक्षा कोणती, किमान अंतर किती? वऱ्हाडातल्या शाळांच्या सहली लोणारला जातात. विवराच्या काठावर मुलांना देवळे आणि सरोवर दाखवतानाच हे प्रश्नही शिकवायला हवेत. ज्यांच्या अंगणात एवढा मोठा पुरावा आहे, त्यांनी तरी अफवेवर विसंबू नये.