वारसा डोळ्यांचा, जबाबदारी समाजाची

आई-वडिलांकडून मुलांना घर, शेत आणि नाव मिळते, तसेच त्यांच्या शरीराचे काही गुणदोषही मिळतात. नाकाची ठेवण किंवा केसांचा कुरळेपणा यांप्रमाणे डोळ्यांचे काही विकारही पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. त्यांना आनुवंशिक नेत्रविकार म्हणतात. हा वारसा कोणी मागून घेत नाही आणि कोणाला तो नाकारताही येत नाही. परंतु असा विकार जडलेल्या माणसाचे आयुष्य कसे जाईल, हे केवळ निसर्ग ठरवत नाही. घरची परिस्थिती, समाजाच्या समजुती आणि नोकरीचे नियम ते ठरवतात. म्हणूनच हा प्रश्न एकट्या डॉक्टरांवर सोपवून चालणार नाही.

काही कुटुंबांत दृष्टिपटल हळूहळू क्षीण होत जाण्याचा विकार आढळतो. आरंभी तिन्हीसांजेला, कमी उजेडात दिसेनासे होते. पुढे दृष्टीचा घेर आकसतो आणि नळीतून पाहावे तसे समोरचे तेवढेच दिसते. जीवनसत्त्व ‘अ’च्या अभावामुळे होणारा रातांधळेपणा आहाराने व औषधाने बरा होऊ शकतो, हा विकार मात्र सहसा तसा बरा होत नाही. लक्षण सारखेच असल्याने अनेकदा दोहोंतील फरक लक्षात येत नाही. मग अंधारात ठेचकाळणाऱ्या मुलाला ‘वेंधळा’ म्हटले जाते आणि मुलीच्या बाबतीत तर लग्न ठरेपर्यंत ही गोष्ट झाकून ठेवली जाते. जे झाकले जाते, त्याची वेळेवर तपासणी होत नाही.

याहून मोठा अन्याय दोष देण्यात आहे. मूल सदोष जन्मले, की बोट सुनेकडे वळते. विज्ञान वेगळेच सांगते. काही विकारांत सदोष जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही यावे लागते. दोघांची दृष्टी उत्तम असते, पण दोघेही त्या जनुकाचे वाहक असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला तो विकार होण्याची शक्यता चारांत एक इतकी असते. तांबडा आणि हिरवा रंग ओळखता न येण्याचा दोष, म्हणजे रंगांधळेपणा, मुलाला आईकडून मिळतो, हे खरे आहे. पण तो तिलाही तिच्या आईकडून किंवा वडिलांकडूनच मिळालेला असतो. जो वारसा तिने निवडलाच नाही, त्याबद्दल तिला घराबाहेर काढणे वा टोमणे मारणे हा निव्वळ अन्याय आहे.

नात्यातील विवाहांचा विचारही येथे करायला हवा. दक्षिण महाराष्ट्रातील काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची प्रथा आहे. तिच्यामागे केवळ रूढी नाही, अर्थकारणही आहे. जमीन घरात राहते, देण्याघेण्याचा खर्च कमी होतो आणि मुलगी ओळखीच्या घरी नांदते. मात्र एकाच आजोबांकडून आलेले सदोष जनुक पती-पत्नी या दोघांतही असण्याचा संभव अशा विवाहात वाढतो. प्रत्येक नात्यातील विवाहातून रोगी मूल जन्मते असे नाही; तेव्हा अशा जोडप्यांना हिणवणे योग्य नव्हे. परंतु घराण्यात नेत्रविकार असेल, तर लग्नापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे शहाणपणाचे आहे. पत्रिका पाहण्यासाठी आपण वेळ काढतो. मग कुटुंबातील आजारांची चौकशी करण्यात संकोच कशाला?

आता पैशाचा प्रश्न. १९७६ साली देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रियांमुळे असंख्य वृद्धांना पुन्हा दिसू लागले. परंतु आनुवंशिक विकार शिबिरातील एका शस्त्रक्रियेने सहसा जात नाहीत. दृष्टिपटलाच्या एका दुर्मिळ आनुवंशिक विकारावरील जनुकीय उपचाराला २०१७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याची किंमत दोन्ही डोळ्यांसाठी साडेआठ लाख डॉलर ठेवण्यात आली. विज्ञानाने दार उघडले, पण उंबरठा इतका उंच, की सामान्य माणसाला तो ओलांडता येऊ नये! म्हणून लवकर निदान, योग्य सल्ला, पांढरी काठी व ब्रेलचे शिक्षण आणि बोलणारे संगणक या आवाक्यातल्या गोष्टी तरी प्रत्येक गरजूपर्यंत पोहोचल्याच पाहिजेत.

रोजगाराच्या बाबतीत रंगांधळेपणाचे उदाहरण बोलके आहे. पुण्याजवळचे चाकण असो वा हरियाणातील मानेसर, वाहनउद्योगाच्या या नगरींत दूरदूरचे तरुण कामासाठी येतात. विजेच्या कामात तीन फेजसाठी लाल, पिवळी व निळी, न्यूट्रलसाठी काळी आणि अर्थिंगसाठी हिरवी तार वापरण्याची आपल्याकडे रीत आहे. ज्याला तांबडा-हिरवा भेद कळत नाही, त्याने हे काम जपूनच निवडले पाहिजे. दुर्दैव असे, की अनेकांना आपला दोष नोकरीच्या वैद्यकीय तपासणीतच प्रथम कळतो. तोपर्यंत कर्ज काढून प्रशिक्षण घेतलेले असते. हीच तपासणी शाळेत झाली असती, तर वेळीच दुसरी वाट धरता आली असती.

दुसऱ्या बाजूने, नियमही सरसकट नकार देणारे नसावेत. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटने चित्रपट-संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवडलेल्या एका विद्यार्थ्याला रंगांधळेपणामुळे प्रवेश नाकारला. मुंबई उच्च न्यायालयात त्याला यश आले नाही. मात्र एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रंगांध उमेदवारांना वगळू नये, उलट अभ्यासक्रमात आवश्यक ते बदल करावेत, असे संस्थेला सांगितले. त्याआधी २०२० साली सौम्य व मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना वाहन परवाना मिळण्याचा मार्गही केंद्र सरकारने मोकळा केला होता. रेल्वे इंजिनाच्या चालकाला सिग्नलचे रंग अचूक ओळखता आलेच पाहिजेत, यात वाद नाही. पण एका कामातील अडचण म्हणजे सर्व कामांतील अपात्रता नव्हे.

डोळ्यांचा वारसा बदलणे आज आपल्या हाती फारसे नाही. त्याभोवतीचे अज्ञान, लाज आणि दारिद्र्य यांचे ओझे हलके करणे मात्र आपल्या हाती आहे. घरात कोणाला असा त्रास असेल, तर तो लपवू नका. मुलांचे डोळे वेळेवर तपासून घ्या. आईला दोष देणाऱ्याला थांबवा. दृष्टी अधू असणे हा अपराध नाही. डोळस असून न पाहणे, हाच खरा दोष होय.